एका चारीचं पाणी

बीडला दवाखान्यात एमआरआयच्या रिपोर्टसाठी बाकावर बसलो होतो. शेजारी माजलगावकडचं म्हातारं जोडपं होतं. तो कालव्यावरचा पाटकरी. कालव्याच्या लहान फाट्यांतून, चारी-चारीनं, शेतांना पाणी सोडण्यात, पाण्याच्या दाराचं चाक फिरवण्यात त्याचा जन्म गेलेला. चक्कर बायकोला येत होती, तरी येताना कपड्यांचं गाठोडं तिच्याच डोक्यावर होतं.

डॉक्टरांनी दारातच फिल्म उजेडावर धरून त्याला समजावलं. मानेतून मेंदूला जाणाऱ्या मागच्या दोन रक्तवाहिन्यांपैकी हिची डावी जन्मापासूनच दोऱ्याएवढी बारीक आहे. उजवी मोठी होऊन दोघींचं काम करते. असं बऱ्याच जणांचं असतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. चक्कर कानामुळे आहे, गोळ्यांनी जाईल.

डॉक्टर गेले तरी तो फिल्मवरून बोट फिरवत राहिला. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "एका चारीवर सगळं शिवार भिजवलं की हिनं. आन् मी म्हनायचो, लई हळू चालती."

"चला की आता," ती म्हणाली आणि गाठोड्यासाठी वाकली.

ते त्यानं आधीच उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. फाटकापर्यंत तो तिच्याहूनही हळू चालला.