गाडीच्या पोटातली लाख

मोटारीच्या दारांना खालून भोकं असतात आणि ती मुद्दाम ठेवलेली असतात, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. सव्विसाव्या वर्षी मी ती सगळी बुजवून टाकली होती. कोणी सांगितलं नव्हतं. उलट कोणाला दिसू नये म्हणून, घरचे सगळे धानाच्या रोवणीला गेले असताना, पदर खोचून भर दुपारी गाडीखाली शिरले होते.

कारण काय, तर अंगण. ह्यांनी गोंदियाच्या एका राईस मिलवाल्याची जुनी मोटार घेतली होती, गोल दिव्यांची, पाठीला कुबड असलेली. दवनीवाड्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावात मोटार ही एवढीच. पण धुतली किंवा पावसात भिजली की ती दारांखालून थेंब थेंब गळत बसायची आणि मी शेणानं सारवलेल्या अंगणाला खड्डे पडायचे. शहाण्या सुनेनं विचार केला, वस्तू गळते म्हणजे ती फुटकी. विळ्याची मूठ पक्की करायला आणलेली लाख घरात होतीच. निखाऱ्यावर मऊ केली, गोळ्या वळल्या आणि दारांच्या बुडाचं एकूण एक भोक अंगठ्यानं दाबून बंद केलं. अंगण कोरडं राहिलं. आठवडाभर मी स्वतःवर इतकी खूश होते की हिला दिवस गेलेत की काय, असं सासूबाई शेजारणीला विचारत होत्या.

पुढच्या वर्षी श्रावणात आम्ही माझ्या माहेराहून परत येत होतो. नाला भरून वाहत होता. काठापर्यंत पोचवायला आलेला माझा भाऊ थांबा म्हणाला, पण सासुरवाडीची माणसं बघत असताना थांबतील ते आमचे हे कसले. घातली गाडी पाण्यात. सीटपर्यंत पाणी आलं, तरी निघालो पार. त्यानंतर काही वर्षांनी एक दार खालून फुगलं. कोणीतरी त्यावर पुट्टी थापून रंग दिला आणि आत पाणी मुरलंय, असं सांगून गेला. ह्यांनी त्याच दिवशी मनात निकाल लावला: नाल्याचं पाणी, आणि नाल्यात घालणारा मी. गाडी गुरांच्या कोठ्यात उभी केली ती केलीच. माहेरी जायचं तर त्या रस्त्यानं पुन्हा गेले नाहीत, दोन एसट्या बदलून वळसा घेत राहिलो.

यंदा नातीनं हट्ट धरला की आजोबांनी त्या गाडीतून तिला एकदा फिरवावं. गोंदियाहून तिनं एक डेंटिंगवाला मिस्त्री आणला, माझ्याच वयाचा, हिंदी-मराठीची खिचडी बोलणारा. नातीनं धुतल्यावर गाडी बाहेरून अशी चकचकीत दिसत होती की मला वाटलं, हा पुसून देईल आणि जाईल. त्यानं खिशातून लहान हातोडी काढली, कान पत्र्याजवळ नेला आणि हळूहळू ठोकत निघाला. वर ठण ठण वाजत होतं. खाली आला तसा आवाज बसला, ओल्या मडक्यावर बोट मारावं तसा. त्यानं लोहचुंबक लावून दाखवलं. ते वर घट्ट चिकटायचं आणि खाली सुटून पडायचं, कारण खाली लोखंड नव्हतंच, पुट्टी होती आणि रंग होता.

मग त्यानं कापलं. मी इतकी वर्षं भांडी घासली, विळे वापरले, मला वाटायचं गंज मला माहीत आहे. मला काही माहीत नव्हतं. आत तेंदूपानांच्या पुड्यासारखे थरावर थर होते, तपकिरी, नारिंगी, मध्येच जांभळट, बोट लावलं की एकेक पान सुटायचं. एवढ्या एका पातळ पत्र्यातून एवढी पानं कशी निघाली, मी बघतच राहिले. कोणी हात न लावता, कोठ्याच्या अंधारात, लोखंड आपलं आपण फुलत होतं.

हे खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. नातीला म्हणाले की बंद करा, माझं पाप आहे, भंगारात द्या. नात रडवेली झाली. मिस्त्रीनं फक्त एवढंच मागितलं की एक दार करून दाखवतो, मग हो किंवा नाही म्हणा.

दोन दिवस मी स्वयंपाकाकडे लक्ष दिलं नाही. त्यानं सडलेलं सगळं कापलं, जिथं चांगलं लोखंड लागलं तिथंच थांबला. कोरा पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर घेऊन असा ठोकला की दाराचा बाक त्याच्यात आपोआप उतरला. माप घेतलं नाही. हातानं चाचपायचा आणि ठोकायचा. वेल्डिंग करून घासल्यावर मी बोट फिरवलं, तर जुनं कुठं संपलं आणि नवं कुठं लागलं ते मला सापडेना.

नवीन पत्र्याला त्यानं खाली भोकं पाडली तेव्हा मी विचारलं, चांगल्या वस्तूला भोकं कायले पाडता. तो हसला. काचेवरून पाणी आत उतरतंच, म्हणाला, त्याला निघायला वाट नको? आणि कापलेल्या तुकड्यातून खरवडून काढलेली एक काळपट लाल गोळी त्यानं माझ्या हातावर ठेवली. "किसीने जान-बूझके बंद किया था, माताजी."

भोवतीचं लोखंड गेलं होतं, लाख तशीच होती. तिच्यावर अंगठ्याच्या रेषा होत्या, एकूण एक. मी माझा अंगठा त्यावर ठेवला. माझा आता सुरकुतलेला, जाड, आणि तो सव्विशीतल्या पोरीचा, बारीक. त्या मूर्ख पोरीला मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावत होते असं वाटलं.

ह्यांच्याजवळ गेले, गोळी दाखवली आणि अंगणापासून सगळं सांगितलं. त्यांनी गोळी उजेडात धरून बराच वेळ फिरवली. मग म्हणाले, "अवं, पस्तीस वर्षं मी तुया माहेरच्या नाल्याले शिव्या देऊन राहिलो, तो कधी काही बोलला नाई. आता तुले देईन, तं तू गप बसशीन काय? जा, मिस्त्रीले सांग, बाकीची दारं उघड म्हणावं."