आधी इंजिन, मग कागद

अकोल्यातला तो मिस्त्री जुन्या गाडीचे कागद आधी पाहत नसे. वडिलांच्या स्पोर्ट्स कारचं इंजिन मूळचं ठरलं, तरच गिऱ्हाईक ती घेणार होतं आणि त्या पैशातून आमची आटलेली विहीर खोल होणार होती. मी कागदावरचा इंजिन नंबर सांगू लागलो.

"थांबा भाऊ! आकडा कानात गेला का डोया तोच पाह्यते."

तारांची चाकं त्यानं चाचपली. "हे कंपनीचेच हायेत." मग इंजिनावर रॉकेल चोळून बॅटरी पेटवून माझ्या हाती दिली. "वाचा."

शेवटी इंग्रजी तीन दिसला. कागदावर आठ होता. तरी मी तीनच वाचला.

त्यानं नखानं आकड्यात भरलेला जुना रंग खरवडला. तिनाचा आठ झाला.

"आता काढा कागद," तो म्हणाला. कोणता आकडा हवा होता, हे त्याला तेव्हाही माहीत नव्हतं.