उलटं फिरवायचं होतं

अन्याय झाला तो विद्यानगरच्या आमच्या गल्लीतल्या काकांवर. गेल्या उन्हाळ्यात वादळ झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कुकटपल्लीच्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. करणाऱ्यानं तो हसत केला.

काका बँकेतून निवृत्त झालेले. बंद पडलेली कुठलीही वस्तू दिसली की आधी तिच्या स्क्रूवर अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "फेकता कामून? खोलके देखेंगे." मिक्सर, पंखा, शेजाऱ्याची इस्त्री, सगळ्यांना हेच. काकू म्हणायच्या, "मला तेवढं सोडा, बाकी घर खोला."

झाडं कापायची पेट्रोलची करवत त्यांनी हौसेनं घेतली होती. गल्लीत फांदी पडली की काका हजर. साखळीला घालायचं कंपनीचं तेल त्यांना लूट वाटे, म्हणून ते दिवाळीचं तळणाचं तेल गाळून घालत. करवत चालली की गल्लीभर चकलीचा वास सुटे. हसायचो आम्ही. ते तेल आत थिजून डिंकासारखं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती चूक त्यांचीच, मी लपवत नाही.

वादळात आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाची एक फांदी चिरून लोंबकळली. दुपारी महापालिकेच्या कंत्राटदाराची माणसं येणार होती, आणि ती फांदी कापत बसत नाहीत, झाड बुंध्यापासून पाडतात. काका म्हणाले, "त्यांच्या आधी फांदी उतरवू, झाड वाचतं." करवत सुरू झाली, पण साखळी कोरडी. तेल येईना.

त्यांनी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तेलाचा पंप साखळी फिरवणाऱ्या क्लचच्या मागे आहे, क्लच कसा काढायचा, एवढंच विचारलं. "मशीन लेके आओ अंकल," तिथला माणूस म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मग आम्ही ओट्यावर बसलो. माहितीपुस्तिकेत हातमोजे घाला, चष्मा घाला, मुलांना लांब ठेवा, पानंच्या पानं. क्लचबद्दल एकच ओळ: अधिकृत केंद्राकडे न्या. मी संतापून म्हणालो, यावर पत्रक काढतो. काका म्हणाले, "हौ, काढ. पत्रकानं नट निघतो का तेपण बघ."

पान्याला पाइप लावून त्यांनी जोर दिला. नट हलेना. अजून जोर. हाताची शीर तटतटली, आणि टक् असा आवाज झाला. क्लचचा तुकडा त्यांच्या पायाशी पडला.

माझ्या स्कूटरवर, करवत मांडीवर घेऊन, काका कुकटपल्लीला आले. काउंटरवरच्या माणसानं तुकडा पाहिला आणि हसला. "उल्टा घुमाना था ना अंकल. सीधा घुमाए तो और कसता."

काका हळूच म्हणाले, "फोनपे बोल देते तो?"

"वो हम फोनपे नहीं बोलते. और आप खोल दिए, अब वॉरंटी भी गई."

एक वाक्य होतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांजवळ होतं, फुकटात देता येत होतं, आणि त्यांनी ते दाबून ठेवलं, कारण माणूस आपल्या हातानं दुरुस्त करायला लागला तर यांच्या काउंटरवर कोण येणार?

आम्ही परतलो तेव्हा दुपार उलटली होती, गल्लीत ऊन पडलं होतं. सावली असायची तिथे. कापलेला बुंधा ओला होता. काका करवत मांडीवर तशीच धरून स्कूटरवर बसून राहिले. उतरलेच नाहीत बराच वेळ.

त्यानंतर काकूंचा मिक्सर बंद पडला. काकूंनीच तो त्यांच्यासमोर आणून ठेवला, स्क्रू वर करून. काकांनी अंगठा लावला नाही. म्हणाले, "नवीन घेऊन टाक."

दसऱ्यानंतर त्यांचा मुलगा दोघांना पुण्याला घेऊन गेला. करवत माझ्या घरी आहे, चकलीचा वास अजून येतो तिला.

तुम्ही उद्या काही विकत घ्यायला जाल. मिक्सर असेल, पंप असेल, करवत असेल. पैसे काढायच्या आधी विचारा, "हे उघडायचं कसं?" आणि दुकानदार सांगेपर्यंत काउंटरवरून हलू नका.