बिनछापाची चांदी

ज्वारीच्या कोठीत हात घातला की मायची चांदी लागायची. दहा-दहा ग्रॅमची नाणी, प्लास्टिकच्या सीलबंद कार्डात. एका बाजूला लक्ष्मी-गणपती, दुसऱ्या बाजूला वजन आणि शुद्धता. माय तीर्थपुरीत अंगणवाडी मदतनीस. मानधन आलं की ती आधी सराफाकडं जायची. "नोटा दिसल्या की तुझ्या बापाला खर्चा सुचतो. नाणं कसं गप पडून राह्यतं," म्हणायची. वडिलांना पत्ता नव्हता. मला होता.

मी काही गप पडून राहणाऱ्यातली नाही. मी पत्रकं लिहिते. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा जे देव घराबाहेर काढले, तेच सराफ चांदीवर छापून विकतात आणि आपल्याच बाया विकत घेतात, याचा मला संताप यायचा. अजूनही येतो. वर्षावासात विहारात वाटायला पत्रक काढलं. मथळा दिला, 'भिंतीवर बुद्ध, कोठीत लक्ष्मी?' 'कपाटात' असंही लिहिता आलं असतं. मी 'कोठीत' लिहिलं. वाचूनही मीच दाखवलं. माय पुढच्याच रांगेत बसली होती. बाया हसल्या, तीही हसली.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच जालन्याला गेली आणि मस्तगडातल्या एका दुकानातून सगळी नाणी आटवून आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ओबडधोबड लगड माझ्यापुढं ठेवली.

"घे बाई. आता कोठीत कुणी देवी न्हाई."

मला अभिमान वाटला. बैठकीत मी तिचं उदाहरणसुद्धा दिलं.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला बायांनी जीप ठरवली. माय दरवर्षी एक नाणं मोडून जायची, कुणाला न विचारता. यंदा लगडीचा तुकडा मोडायला ती तीर्थपुरीतल्या नेहमीच्या सराफाकडं निघाली. मीही सोबत गेले. त्यानं लगड उलटीपालटी करून पाहिली.

"मावशी, ही कुठली?"

"तुमच्याकडचीच नाणी होती. आटवली."

"नाण्याला छाप असतो, सील असतं, ते बघून मी घेत होतो. आटवून कोण आणतं ठाऊक हाय का? चोरीचा माल आटवतेत." बाकावरचं गिऱ्हाईक आमच्याकडं वळलं. "पावत्या आणा. न्हाईतर मालकाला घेऊन या."

पावत्या वडिलांच्या हाती लागू नयेत म्हणून माय दुकानाबाहेरच फाडून टाकायची. आणि मालक म्हणजे वडीलच.

"तुम्ही हिला ओळखता ना?" मी म्हणाले.

"ओळखतो म्हणून तर घरी जा म्हणून राह्यलो, ताई. दुसऱ्यानं पोलिसाला फोन लावला असता."

मायनं लगड पदराखाली घेतली आणि माझा हात ओढला. रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, "याच्यावर पत्रक काढते."

"काढ. त्यात माझं काय काय लिव्हणार?"

जालन्याच्या त्या दुकानात जाऊ, म्हटलं. "तिथं बी असंच इचारलं मंग?" मी माझ्याकडचे पैसे देऊ केले. ती थांबली. "तुझ्या पैशानं कशाला जाऊ? मी माझ्या पैशानं जात होते."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जीप आमच्या दारावरून गेली. बायांनी हाका मारल्या. मायनं दारातूनच गुडघे दुखतात असं सांगितलं. पोटरीवर हात ठेवून सांगितलं. गुडघा कुठं दुखतो हेही तिला दाखवता आलं नाही. मी आत होते, बाहेर आले नाही.

परवा दळणाला ज्वारी काढताना कोठीत पार तळापर्यंत हात घातला. लगड लागली नाही. मानधन नुकतंच झालेलं, म्हणजे एखादं नवं नाणंही असायला हवं होतं. तेही नव्हतं.

"माय, चांदी कुठंय?"

"हाय."

"कुठं पण?"

"हाय म्हन्लं ना," ती म्हणाली आणि भाकर थापत राहिली.

पूर्वी ती फक्त वडिलांपासून लपवायची.