वीणाची टक्-टक्

हिंदी मुलखात, तेलीबागेत राहणाऱ्या देवस्थळींच्या घरात ‘टक्-टक्’ असा आवाज आला की सुहासिनीताई हातातलं काम टाकून टीव्हीचा आवाज वाढवतात. शेजाऱ्यांना वाटतं, बाईंना ऐकू कमी येतं. उलट आहे. फार ऐकू येतं म्हणूनच.

त्यांची सून वीणा कॉलेजात असताना झालेल्या अपघातापासून व्हीलचेअरवर असते. नवऱ्याला जवळ ओढायचं तर आधी दोन्ही चाकांचे ब्रेक लावायला हवेत, नाहीतर खुर्ची मागे पळते आणि धनंजय तोंडावर आपटतो. लग्न नवं असताना तो असाच थेट तांदळाच्या डब्यावर गेला होता. “डबा पडला,” असं त्याने आईला सांगितलं. रेल्वेत इंजिनिअर असून एवढंच सुचलं! तेव्हापासून वीणा ब्रेक लावते आणि सुहासिनीताई टीव्ही मोठा करतात.

वीणा अमौसीला विमानतळावर चेक-इन काउंटर सांभाळते. तिथेच तिला गजेंद्र भेटला. हा इथलाच तरुण दिग्दर्शक, उत्साहाने नुसता उकळणारा. त्याच्या सिनेमाची नायिका व्हीलचेअरवर होती. “मैडम, हमारी हीरोइन को कुर्सी पर बैठना सिखा दीजिए!”

“बैठना क्या सिखाना? चलाना सिखाती हूँ,” वीणा म्हणाली आणि आधी प्रेमाचा सीन वाचायला मागितला. त्यात नायक नायिकेला उचलून गच्चीवर गरगर फिरवत होता. वर चंद्र, मागे व्हायोलिन.

“उतारेगा कहाँ?” वीणाने विचारलं.

गजेंद्रने एवढा विचार केलेला नव्हता.

पडद्यावरची खुर्चीतली बाई वीणाने एकतर रडताना पाहिली होती, नाहीतर शेवटी चमत्काराने उठून धावताना. एकदा, फक्त एकदा, तिला ती बाई चावट झालेली बघायची होती. “वो खुद ब्रेक लगाएगी और उसे कॉलर पकड़कर खींचेगी,” तिने सुचवलं.

“ब्रेक लगाने बैठी तो रोमांस गया, मैडम!”

“करके दिखाती हूँ. नहीं जमा, तो चाँद रख लेना.”

रविवारी निशातगंजच्या एका फ्लॅटमध्ये युनिट जमलं. वीणा करून दाखवणार म्हणून धनंजयही आला होता आणि शूटिंग बघायला सुहासिनीताई शंकरपाळ्यांचा डबा घेऊन हजर. कॅमेरा लागला. वीणाने हाक मारली, “धनू, ये इकडे.”

“अगं, सगळ्यांसमोर? आई बसलीय!”

“आई शंकरपाळे खातायत. ये रे!”

धनंजय कानापर्यंत लाल होऊन पुढे आला. वीणाने ब्रेक लावले. टक्. टक्.

सुहासिनीताई ताडकन उठल्या. टीव्ही नव्हता, मग त्यांनी माणसंच हलवली. “चला, चला! सब बाहर! भैया, कैमरा छोड़िए, शंकरपाळे खाइए!” बघता बघता अख्खं युनिट जिन्यात आणि दार बंद.

“आंटीजी, हुआ क्या?” गजेंद्र गांगरला.

“अहो, टक्-टक् झालं ना!”

“तो?”

सुहासिनीताईंनी पदर तोंडाला लावून सगळं सांगितलं. गजेंद्र हसत हसत पायरीवरच बसला. “मतलब घर में ये रोज़ होता है?”

“रोज कुठे? एकादशी को नहीं होता!”

दार उघडलं तेव्हा वीणाची टिकली धनंजयच्या कपाळावर होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. गजेंद्रने हात जोडले. “चाँद कैंसल!”

सिनेमा तयार झाला. पहिल्या खेळाला देवस्थळी मंडळी नटूनथटून गेली. वीणाची खुर्ची रांगेच्या टोकाला, शेजारी धनंजय, पलीकडे सुहासिनीताई. पडद्यावर नायिकेने ब्रेक लावले, डोळा मारला आणि नायकाला कॉलरला धरून ओढलं. मस्त, लांबलचक चुंबन. आतल्या खोलीत सिनेमातल्या सासूने टीव्ही मोठा केला. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. वीणा डोळे पुसत खदखदून हसत होती.

सुहासिनीताई मात्र सवयीने उठून दाराकडे निघाल्या होत्या. “आंटीजी, बैठ जाइए, पिक्चर में है!” मागून कोणीतरी ओरडलं. त्या ओशाळून बसल्या.

तेवढ्यात पुन्हा टक्-टक्. पडद्यावर तर आता भाजीबाजार चालला होता.

सुहासिनीताईंनी बाजूला पाहिलं नाही. इथे रिमोट नव्हता. त्यांनी घसा साफ केला आणि जोरजोरात खोकायला सुरुवात केली.