पायबंद घातलेली घोडी

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरातल्या काही टांगेवाल्यांनी आपले घोडे बार्शी रस्त्याच्या माळावर नेऊन सोडले. कडबाच मिळेना, तर करतात काय. बरेचसे मेले. जे जगले ते दोन-तीन वर्षांत इतके रानटी झाले, की माणूस दिसला की कान पाडून अंगावर यायचे. त्यातल्या दोघांच्या मागं मी वेडा झालो होतो. एक काळा, एक तांबडा. आठवडाभर स्टुडिओत नवरा-नवरींना 'हनुवटी जरा वर' सांगून माझं डोकं उठायचं, आणि सुट्टीच्या दिवशी सायकल हाणत मी माळ गाठायचो. मला त्या दोघांची झुंज कॅमेऱ्यात पकडायची होती. घरचे म्हणत, याला भूत लागलंय. लागलंच होतं.

त्याच माळावर एका धनगर बाईचं पाल असायचं. वयानं माझ्या आईएवढी, म्हणून मी तिला मावशी म्हणायचो. नवरा मेंढरं घेऊन पुढं जाई, ही मागं संसार सांभाळी. भांडी, घोंगड्या, चालता न येणारी कोकरं, सगळं एका पांढऱ्या घोडीच्या पाठीवर चाले. दुसरं ओझ्याचं जनावर त्यांच्याकडं नव्हतं. चरायला सोडताना मावशी घोडीच्या पुढच्या दोन्ही पायांना केसाच्या दोराचा पायबंद घाली. मग घोडी टुणटुण उड्या मारत चरे, पण लांब जाऊ शकत नसे.

त्या दिवशी सकाळी काळा आणि तांबडा, दोघंही घोडीच्या वासानं जवळ आले होते. घोडी पालाकडं न्यावी म्हणून मावशी पायबंद सोडायला वाकली.

"राहू दे की मावशी थोडा वेळ," मी म्हणालो. "ही इथं असली तरच ते जवळ येतील."

"लई वंगाळ हायती ती दोगं. हिला मारत्याली."

"मी आहे ना. तसं काही दिसलं तर लगेच दोर सोडतो."

तिनं एकदा घोडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "ध्यान ठिव बाबा," म्हणाली आणि घागर घेऊन विहिरीकडं गेली.

लांबचं जवळ आणणारं भिंग माझ्याकडं नव्हतं. चांगला फोटो हवा तर जवळ जायला लागायचं. मी खडकाच्या आडोशानं सरकत गेलो आणि तेवढ्यात काळ्यानं तांबड्याची मान दातांत धरली. तांबडा किंचाळला. घोडा असा किंचाळतो हे मी तोवर ऐकलं नव्हतं. दोघं मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांच्या छातीवर टापा हाणू लागले. तांबड्याच्या खांद्याचं कातडं फाटून लोंबायला लागलं. काळ्याच्या एका डोळ्यातून रक्त वाहत होतं, तरी तो चावतच होता. मी बटण दाबत होतो, रोल फिरवत होतो, पुन्हा दाबत होतो. भीती वाटत होती आणि आनंदही होत होता, हे कबूल करतो.

घोडी त्यांच्या मधे सापडली. तिला पळायचं होतं, पण दोन उड्या मारून ती तोंडावर पडली. धडपडत उठली. एवढ्यात ते दोघं झोंबत पलीकडं सरकले. विहिरीकडून मावशीची हाक आली, "दोर सोड रं. आरं, दोर सोड."

वेळ होता. गाठ सोडण्यापुरता नक्की होता. पण रोलमध्ये तीन फोटो उरले होते, आणि उभी घोडी, मागं ती झुंज, असं चित्र समोर होतं. मी तिन्ही काढले. तिसऱ्याच्या वेळी ते दोघं परत घोडीवर आले. काळ्याची लाथ तिच्या पुढच्या पायावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मावशी धापा टाकत पोचली तोवर घोडे पांगले होते. घोडी कुशीवर पडून मान आपटत होती. "मी लांब होतो मावशी," मी म्हणालो. "त्या खडकापलीकडं. पोचेपर्यंत झालं सगळं." तिनं विश्वास ठेवला. उलट मलाच विचारलं, "तुला न्हाय ना लागलं?"

दुपारी तिचा नवरा आला. लांडग्यांनी जिवंतपणी फाडण्यापेक्षा बरं म्हणून त्यानं कुऱ्हाड उलटी धरून घोडीच्या कपाळावर घातली. एका घावात भागलं नाही. मी तोंड फिरवलं.

पुढच्या सुट्टीला मी त्या तिनातला एक फोटो धुऊन मोठा करून घेऊन गेलो. फोटो अप्रतिम आला होता. घोडीची आठवण म्हणून मावशीला द्यावा, असं माझ्या मूर्ख डोक्यात आलं होतं. खरं म्हणजे मला तो कुणाला तरी दाखवायचा होता. पाल उठलं होतं. मावशी डोक्यावर घोंगड्यांचा भारा आणि काखेत कोकरू घेऊन चालायला निघाली होती. कोकरू खाली ठेवून तिनं फोटो हातात घेतला.

झुंजीकडं तिचं लक्षच गेलं नाही. ती घोडीचे पाय बघत राहिली. मग पायबंदावर बोट ठेवून म्हणाली, "माजी गाठ हाय ही. दोराचा पीळ बी दिसतुया."

तिनं फोटोवरून नजर उचलली.

"किती पावलांवर हुतास रं?"

पुन्हा खोटं बोलायला जागाच नव्हती. "सात," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "मला बी तेवडीच वाटली."