दाबलेलं हसू

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिनं तर डोळ्यांनी पाहिलं होतं.

विलास आणि मी आदिलाबादला एका बाकावर बसून शिकलो. गॅदरिंगची नाटुकली आम्ही दोघं मिळून लिहितो, असं सगळे समजायचे. खरं तर लिहायचा तो. मी फक्त हसायचो. पुढे मी तहसील ऑफिसात चिकटलो, आणि तो मुंबईला जाऊन टीव्हीवरच्या विनोदी मालिका लिहू लागला. पडद्यावर त्याचं नाव आलं की माझ्या घरचे टाळ्या वाजवायचे. मला घास उतरत नसे. का? त्यानं माझं काय घेतलं होतं?

नवा भाग लिहिला की रविवारी सकाळी तो मला फोनवर वाचून दाखवायचा. "तू हसला का मी समजतो, जमलं. नाही हसला तं काढून टाकतो." मधेच थांबायचा, माझ्या हसण्याची वाट बघत.

आणि मी — मी हसणं बंद केलं.

सरसकट नाही. फालतू जागी मोकळा हसायचो. एकदा त्यानं लिहिलं होतं — इचोड्याच्या ढाब्यावर जेवायला थांबलेली वरात निघताना दुसऱ्याच वरातीतला नवरदेव गाडीत घालून नेते, आणि तो बोलत नाही, कारण लग्न ठरल्यापासून त्याला कोणी काही विचारलेलंच नसतं. मी टॉवेल तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी. तिकडून हळूच, "नाही जमलं का रे?"

"जुनं वाटून राह्यलं, विलास."

बायको दारात उभी. "काऊन असं करून राह्यले तुमी? हसा ना!" मी हातानंच तिला गप्प केलं.

वर्षभर चाललं हे. चांगलं ते तो खोडत गेला, पिचकं ठेवत गेला. मालिका घसरली, त्याच्या जागी दुसरा लेखक आला. मग कोणी बोलावलंच नाही. मला वाईट वाटलं का? खरं सांगतो — ते कळलं त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

आता विलास बोथ गावी मेव्हण्याच्या खताच्या दुकानात बसतो. लिहीत नाही. परवा गेलो, तर गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देत म्हणाला, "मुंबईत सारे वा वा करत होते. खरं सांगणारा हा एकटा. मलेच जमत नव्हतं लिवाले." मग माझ्याकडे वळून — "होय ना रे?"

मी म्हणालो, "होय."